जड वाटी

शेवड्यांच्या घरात कुणी अर्धपोटी राहते, असे म्हणण्याची छाती अख्ख्या मिरजेत कुणाला झाली नसती. ते धाडस अखेर एका दिव्याने केले.

दिवा जेवणाच्या टेबलावर छताला टांगलेला होता आणि रोज सकाळी आठ वाजता आदल्या दिवसाचा अहवाल वाचून दाखवणे हे त्याचे काम होते. त्या मंगळवारी नेहमीच्याच मंजुळ आवाजात तो म्हणाला, "सानिका शेवडे. काल ताटात वाढलेली प्रथिने पंचाहत्तर ग्रॅम. शरीराला मिळालेली सत्तावन्न ग्रॅम. तफावत अठरा ग्रॅम. आठ दिवसांच्या निरीक्षणानंतर निष्कर्ष असा, की अन्न टाळले जात असल्याची शक्यता सत्त्याऐंशी टक्के आहे."

हेमलताबाईंचा थालीपीठ थापणारा हात जागच्या जागी थांबला.

"काय म्हणाला तो?"

"तुझी सून जेवत नाही म्हणाला," अरविंदराव वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले. "दिवा मात्र चांगला धीट आहे हो. या घरात मला एवढं बोलायला चाळीस वर्षं लागली."

सानिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सहावा महिना होता, पण नव्या माणसाला तो चौथा वाटला असता. "आई, मी सगळं खाते. तुमच्या समोर बसून खाते."

"मग खोटं कोण बोलतंय? यंत्र की तू?"

सानिका आपल्या खोलीत निघून गेली आणि तव्यावरचे थालीपीठ एका बाजूने करपले.

हेमलताबाईंनी मुलींच्या शाळेत चौतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले होते आणि मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. प्रयोगशाळेत त्यांचा एक दंडक असे. "उपकरणावर रागवायचं नाही. ते जे दाखवतं ते आधी वहीत लिहायचं, मग डोकं चालवायचं." काटा हलत नाही म्हणून मीटरला टिचकी मारणाऱ्या मुलीला त्या तासभर उभे करीत. आता त्या टेबलापाशी उभ्या राहून दिव्याकडे पाहत होत्या आणि त्यांचा हात टिचकी मारण्यासाठी शिवशिवत होता.

दिवा घरात आला होता तो पोटातल्या बाळापायी. सानिकाच्या रक्तात गरोदरपणीची साखर निघाली होती आणि बाळाची वाढ मागे पडत होती. हे दुखणे दुधारी होते. भात-भाकरी जास्त झाली की साखर चढे, आणि खाण्यात हात आखडला की बाळाच्या वाट्याची प्रथिने कमी पडत. मधली वाट अरुंद होती आणि ती ग्रॅमागणिक आखावी लागे. एकोणीसशे उष्मांक, पंचाहत्तर ग्रॅम प्रथिने, स्निग्ध पदार्थ इतके, पिष्ट पदार्थ तितके, असे पत्रक आहारतज्ज्ञ फरहाना मुजावर हिने आखून दिले होते. फरहाना ही एके काळी हेमलताबाईंच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुलगी.

दोन हजार त्रेचाळीस साली असे पत्रक पाळायला वही-पेन्सिल लागत नव्हती. मागच्या दाढेवर ज्वारीच्या दाण्याएवढा एक मणी चिकटवीत. हिरडीतून अतिशय थोडा द्रव सतत पाझरत असतो, आणि तो रक्तातूनच येतो. रक्तात काय चालले आहे ते त्या द्रवात उमटते. जेवणानंतर शर्करा किती चढली, प्रथिनांचे घटक किती आले, स्निग्धांश किती, हे सारे मणी त्या पाझरातून वाचून काढी. त्याला वीज लागत नसे. चावण्याच्या दाबावर तो चाले. ही झाली शरीराची बाजू. ताटाची बाजू दिवा सांभाळी. वरून पाहून तो पदार्थ ओळखी आणि किती वाढले ते मापी. मात्र त्याला वाटीच्या आत, वरणाखाली, पाहता येत नसे. म्हणून बसवताना तो विचारी, "घरातली वाटी किती मिलिलिटरची?" आणि मग तशीच दिसणारी प्रत्येक वाटी तेवढीच धरी.

या प्रश्नाला घरोघरी लोक अंदाजे उत्तर देत. हेमलताबाईंनी माळ्यावरून काचेचे मोजपात्र काढले होते, चवडीतली वरची वाटी घेऊन डोळा पाण्याच्या पातळीला आणला होता आणि दिव्याला ठणकावून सांगितले होते, "एकशे साठ. अंदाज नाही, मोजून सांगते आहे."

त्या आठवड्यात फरहानाने दोघींना रुग्णालयात बोलावले. सानिका तपासणीला आत गेल्यावर तिने खुर्ची पुढे ओढली.

"बाई, एक विचारू? रागवू नका."

"रागवायचं की नाही ते प्रश्न ऐकून ठरवते."

"सानिका अन्न टाकते का? पुष्कळ जणी टाकतात. साखर वाढेल या भीतीनं. सासरी सांगता येत नाही, मग रुमालात बांधतात, न्हाणीघरात जाऊन ओकतात. मणी खोटं सांगत नाही, बाई."

"माझ्या घरात?"

"कुणाच्याही घरात." फरहानाने पडद्यावर एक रेघ दाखवली. सुरुवातीला ती चढत होती, आता आडवी पडू लागली होती. "ही बाळाची वाढ. डॉक्टरांनी तीन आठवडे दिलेत. रेघ चढली तर उत्तम. नाही चढली तर सानिकाला इथे दाखल करावं लागेल आणि आठव्या महिन्याच्या तोंडाशीच बाळ बाहेर काढावं लागेल. एवढंसं बाळ..."

हेमलताबाई घरी आल्या त्या पहाऱ्याचा निश्चय करूनच. शेवटचा घास गिळला जाईपर्यंत त्या सुनेसमोर बसू लागल्या. कचऱ्याची बादली त्यांनी स्वतः उपसून पाहिली. सानिका हात धुवायला गेली की त्या न्हाणीघराबाहेर उभ्या राहत आणि ती बाहेर आली की उगाच कपाटावरची धूळ पुसत. मिहिरचा, त्यांच्या मुलाचा, तामिळनाडूच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवरून फोन येई. सानिका त्याला "सगळं ठीक" असे सांगे आणि त्या दोन शब्दांत काहीच ठीक नसे.

वाढणे अर्थातच हेमलताबाईंच्या हातचे होते आणि ते पत्रकाबरहुकूम होते. घट्ट वरण, मटकीची उसळ, पनीरची भाजी, दूध, सारे वाट्यांनी. सानिकासमोर तिची स्वतःची वाटी असे. शेवड्यांच्या घरातली ती जुनी रीत होती. नव्या सुनेने उंबरठा ओलांडला की सासूने तिला तिच्या नावाची काशाची वाटी द्यायची. पुरुषांच्या वाट्या साध्या, बिननावाच्या. बायकांच्या मात्र नावे कोरलेल्या आणि चांगल्या जड. बाहेरून पाहिले तर उंची तीच, घेर तोच, पण वजन दुपटीहून अधिक. हेमलताबाईंना त्या वजनाचा अभिमान होता. त्यांच्या सासूबाई सांगत, "बायकांच्या वाट्या मी ओताऱ्याला समोर बसवून मुद्दाम जड करून घेतल्या." दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी केलेल्या त्या चार वाट्या. आपल्या घरात सुनेचा मान असा तोलून दिला जातो, असे हेमलताबाई आल्यागेल्याला सांगत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सानिका वाटी उचलून म्हणाली होती, "आई, ही तर व्यायामाची डंबेल आहे," आणि हेमलताबाईंना ते मुळीच आवडले नव्हते.

पहाऱ्याच्या सहाव्या दिवशी दुपारी सानिकाने रिकामी वाटी पुढे केली. "थोडी उसळ अजून?"

"पत्रकात दोन वाट्या आहेत. दोन झाल्या."

"आई, उसळीनं साखर वाढत नाही."

"पत्रक मी लिहिलेलं नाही, फरहानानं लिहिलंय. आणि जे वाढलंय ते अंगी लागत नसताना वर आणखी वाढून उपयोग काय? आधी दिव्याचा हिशेब जुळू दे."

सानिकाने वाटी खाली ठेवली. कृष्णेच्या काठावरच्या केंद्रात ती नदीच्या पाण्याची पातळी मोजण्याचे काम करी; पुराच्या दिवसांतही तिचा आवाज कधी चढत नसे. तो आता चढला.

"टाकायला अन्न उरतं कुठे, आई? तुम्ही बादल्या उपसता, दारं राखता. एकदा मला विचारलंत का, की सानिका, तुझं पोट भरतं का? मला भूक लागते. जेवून उठते तेव्हा भूक लागलेली असते. मी उद्या माहेरी चिपळूणला जाते. तिथं निदान कुणी मला चोर समजणार नाही."

"भूक मलाही लागते," हेमलताबाई कडाडल्या. "पंचेचाळीस वर्षं पानावरून उठताना मला भूक असतेच. म्हणून मी कधी..."

वाक्य तिथेच तुटले. अरविंदराव ताक पिता पिता थांबले.

"तुला भूक असते?" त्यांनी विचारले. "रोज?"

भुकेला हेमलताबाईंनी आजवर शिस्त म्हटले होते, संयम म्हटले होते, वयात येणाऱ्या मुलींना त्यावर भाषणे दिली होती. तिला तिच्या नावाने हाक मारण्याची वेळ आजच आली होती.

"सानिका," त्या म्हणाल्या, "चिपळूणला चार दिवसांनी जा. आधी मला एक प्रयोग करायचा आहे."

"दाढेवर? तुम्ही?" फरहाना हातातली चिमटी तशीच धरून म्हणाली. "बाई, तुम्ही म्हणाला होता, तोंडात हेर बाळगण्याइतकी म्हातारी झाले नाही म्हणून."

"तोंड उघडायला मी आले आहे, तू मिटलंस तरी चालेल."

मणी बसला. पुढचे तीन दिवस हेमलताबाईंनी सुनेसमोर बसून सुनेचेच ताट जेवले. तीच भाकरी, तेच वरण, त्याच वाट्या. शेवटी वाटीत पाणी घालून, विसळून तेही त्या प्यायल्या. चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिघेही टेबलाशी हजर होते.

"हेमलता शेवडे," दिवा म्हणाला. "तफावत सतरा ग्रॅम. अन्न टाळले जात असल्याची शक्यता चौऱ्याऐंशी टक्के. कृपया घरातील वडीलधाऱ्यांनी लक्ष द्यावे."

अरविंदरावांनी चष्मा काढला. "बाई, वर्गाबाहेर उभ्या राहा."

सानिकाला हसू फुटले. तिने तोंडावर पदर घेतला, पण हसणे पोटातून येत होते आणि कित्येक दिवसांनी येत होते. हेमलताबाईंनी तिच्याकडे पाहिले. त्या हसल्या नाहीत. पण त्यांना ते हसणे ऐकून बरे वाटले, आणि लगेच शरमही वाटली. न केलेल्या चोरीचा आळ कसा लागतो हे त्यांना आत्ताच, स्वतःच्या नावानिशी कळले होते.

"वही आणा," त्या म्हणाल्या.

"कसली?" अरविंदरावांनी विचारले.

"प्रयोगाची. यंत्र बिघडलंय म्हणावं, तर तुमचाही मणी आहे. साखरेसाठी गेल्या वर्षी बसवलेला. तुमची तफावत किती?"

"एक ग्रॅम. कधी तीही नाही."

"म्हणजे यंत्र तुमच्या बाबतीत बरोबर आणि आम्हा दोघींच्या बाबतीत चूक. असं यंत्र नसतं. अन्न एकाच पातेल्यातलं. वाढणारा हात एकच. दिवा एकच." त्या बोलता बोलता बोटे मोजत होत्या आणि आवाज वर्गातला झाला होता. "दोघींकडे आहे आणि तुमच्याकडे नाही, असं टेबलावर काय आहे?"

सानिकाची नजर आधी वळली. मग हेमलताबाईंची. टेबलावर तीन वाट्या होत्या. एक साधी, दोन नावांच्या.

हेमलताबाईंनी अरविंदरावांची वाटी काठोकाठ पाण्याने भरली आणि ते पाणी स्वतःच्या वाटीत ओतू लागल्या. स्वतःची वाटी भरली. हातातल्या वाटीत पाणी अजून होतेच. त्या ओततच राहिल्या. पाणी काठावरून टेबलावर उतरले, टेबलावरून त्यांच्या पदरावर आले, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही.

"आई, पुरे," सानिका हलकेच म्हणाली.

मोजपात्र पुन्हा खाली उतरले. साधी वाटी एकशे साठ. हेमलताबाईंची एकशे पंधरा. सानिकाची एकशे पंधरा. बुडाला आणि कडेला काशाचा जाड थर होता. रिकामी वाटी थोडी उथळ दिसे, पण रिकामी वाटी निरखत बसायला वेळ कुणाला होता? ज्या वजनाला त्यांनी मान समजून आयुष्यभर मिरवले, ते वजन म्हणजे त्यांच्या पानातून उणे केलेले वरण होते.

"चौतीस वर्षं मी मुलींना सांगितलं," हेमलताबाई म्हणाल्या, "एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. आणि मी दिव्याला कुठली वाटी मोजून दिली? चवडीतली वरची. यांची."

"मी सबंध नदी मोजते, आई," सानिका म्हणाली. "मला तरी कुठे सुचलं?"

"सासूबाईंना काय म्हणावं?" हेमलताबाईंच्या आवाजात आता धार आली. "बायकांच्या वाट्या मुद्दाम जड केल्या! अभिमानानं सांगायच्या मला. सुनांच्या तोंडचं काढून..."

अरविंदराव उठले आणि देवघराशेजारच्या कपाटातून एक वाटी घेऊन आले. त्यांच्या आईची. हेमलताबाईंनी ती हातात घेतली तेव्हा मनगट खाली गेले. ही त्या दोन्हींहून जड होती. त्यांनी पाणी भरले आणि मोजपात्रात ओतले. रेघ नव्वदवर थांबली.

"बहात्तर साली मी चार वर्षांचा होतो," अरविंदराव म्हणाले. "घरात चौदा माणसं. रेशनवर लाल ज्वारी मिळायची. आई सगळ्यांना म्हणायची, माझी पण भरलेली वाटीच आहे, बघा. आणि ती भरलेलीच असायची."

हेमलताबाईंनी ती वाटी पदराने कोरडी केली आणि बराच वेळ मांडीवर धरून बसल्या. त्या बाईने चौदा तोंडे जगवण्यासाठी एक युक्ती केली होती आणि सर्वांत मोठा वाटा स्वतःच्या पानातून कापला होता. दुष्काळ सरला, कोठ्या भरल्या, माणसे पांगली. वाट्या मात्र तेवढ्याच राहिल्या, कारण कुणी त्या मोजल्या नाहीत.

मग त्यांनी वही पुढे ओढली. शाळेतल्यासारखे समास आखून लिहू लागल्या. उद्देश. साहित्य. कृती. निरीक्षण. लिहून झाल्यावर वही सुनेकडे सरकवली. सानिकाने शेवटची ओळ वाचली. ठसठशीत अक्षरात, खाली पूर्ण सही आणि तारीख घालून, तिथे लिहिले होते:

*निष्कर्ष: सून खरे बोलत होती. तपासणाऱ्या बाईंनी तिच्यावर आळ घेतला, तो चुकीचा होता.*

सानिकाने ती ओळ दोनदा वाचली. तिचे डोळे भरून आले.

"रडू नकोस, मीठ वाया जातं," हेमलताबाई म्हणाल्या आणि अरविंदरावांच्या वाटीत मटकीची उसळ काठोकाठ भरून त्यांनी तिच्यापुढे ठेवली. "आणि चिपळूणला जायचं असेल तर ही वाटी घेऊन जा. हे ताटलीत जेवतील."

"मी?" अरविंदराव म्हणाले.

"तुम्ही पंचेचाळीस वर्षं पोटभर जेवला आहात."

सानिका चिपळूणला गेली नाही. तीन आठवडे संपायला अजून दहा दिवस होते. दिवा रोज सकाळी आठला बोले. पंचाहत्तर वाढलेली, चौऱ्याहत्तर मिळालेली. साखर जागेवर होती. दहाव्या दिवशी फरहानाने पडद्यावर रेघ दाखवली. आडवी पडलेली रेघ किंचित, अगदी काडीभर, वर उचलली होती.

"एवढंच?" हेमलताबाईंनी विचारले.

"दहा दिवसांत एवढं म्हणजे पुष्कळ, बाई. दाखल करायची गरज नाही. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, असंच चालू द्या." मग ती टेबलावर पुढे झुकली. "पण झालं काय? मी पत्रकात काहीच बदललं नव्हतं."

हेमलताबाईंनी पिशवीतून वही काढून तिच्यापुढे ठेवली. फरहानाने उभ्यानेच सगळे वाचले. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, माझ्या यादीत अशा सत्तावीस जणी आहेत. तफावत दाखवणाऱ्या. मी सगळ्यांना विचारलं, अन्न टाकतेस का? एकीलाही विचारलं नाही, वाढतं कोण आणि कशानं."

"मग आता विचार. आणि मोजपात्र घेऊन जा. तोंडी उत्तर चालणार नाही."

मुलगी पूर्ण दिवसांची झाली. वजनाने बेताची, पण आवाजाने शेवड्यांचीच. तिचे नाव रेवा ठेवले.

सहा महिन्यांनी तिची उष्टावण होती. मिहिर रजेवर आला होता. उष्टावणीच्या आदल्याच आठवड्यात हेमलताबाई चारही जड वाट्या, सासूबाईंचीसुद्धा, पुढच्या सुनेसाठी ठेवलेली कोरीसुद्धा, घेऊन ओताऱ्याकडे गेल्या होत्या. सासूबाईंची वाटी मुशीत जाताना त्यांनी क्षणभर हात आखडला. मग म्हणाल्या, "होऊ दे. त्यांनाही आता पोटभर मिळू दे."

चार वाट्या वितळल्या आणि त्याच घेराच्या, त्याच उंचीच्या आठ वाट्या निघाल्या. तेवढे कासे नुसते बुडात अडकून पडले होते.

उष्टावणीच्या दिवशी त्या आठही वाट्या टेबलावर मांडल्या गेल्या. पाहुणे खोळंबले होते, खीर निवत होती, आणि हेमलताबाई सर्वांसमक्ष एकेका वाटीत मोजपात्राने पाणी घालून पाहत होत्या. एकशे साठ. एकशे साठ. आठव्या वाटीलाही एकशे साठ. या वाटीवर रेवाचे नाव होते.

"अगं, एवढीशी पोर," अरविंदराव म्हणाले. "दोन चमचे खीर खाणार. तिला एवढी मोठी वाटी?"

हेमलताबाईंनी पाणी ओतून दिले, वाटी पुसली आणि तिच्यात खीर वाढू लागल्या. पाव भरली, अर्धी भरली, तरी त्यांचा हात थांबला नाही.

"आज दोन चमचे खाईल," त्या म्हणाल्या. "वाटी तिच्या भुकेची आहे. भूक अजून वाढायची आहे."